सुई, चीर की नुसती औषधं? टॉन्सिलशेजारच्या गळूवरचं संशोधन वाचताना

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, सिनॉप्सिसची तारीख जवळ आलीय. विषय ठरलाय, क्विन्झी. सुईने पू काढणं बरं की चीर देऊन, एवढंच बघायचंय. सोपा आहे ना?" मी हो म्हणणारच होते. मग सहज विचारलं, "बरं म्हणजे काय?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मी क्लिनिकल डॉक्टर नाही, साथरोगशास्त्रात पीएचडी करतेय. त्यामुळे त्या संध्याकाळी पेपर काढून वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे लिहितेय. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना हा आजार उपयोगी आहे, कारण त्याचा प्रश्न दिसतो एका ओळीचा आणि उघडला की त्यातून चार प्रश्न निघतात.

आधी आजार समजून घेऊ. टॉन्सिलभोवती पातळ पापुद्र्यासारखं एक वेष्टण असतं आणि त्याच्या बाहेर घशाचा स्नायू. या दोहोंच्या मधल्या सैल जागेत पू साठला की त्याला पेरिटॉन्सिलर ॲब्सेस म्हणतात, जुनं नाव क्विन्झी. म्हणजे पू टॉन्सिलमध्ये नसतो, टॉन्सिलच्या बाहेरच्या बाजूला असतो. बहुतेक वेळा एकाच बाजूला. टॉन्सिल आतल्या बाजूला ढकलला जातो आणि पडजीभ विरुद्ध बाजूला सरकते. रुग्णाला थुंकीसुद्धा गिळवत नाही, लाळ गळते, त्याच बाजूचा कान दुखतो (कान चांगला असतो, पण घशाची आणि कानाची संवेदना नेणारी एक नस सामाईक आहे). जबड्याचे जवळचे स्नायू चिडल्यामुळे तोंड दोन बोटंही उघडत नाही. इंग्रजी पुस्तकांत या रुग्णांच्या आवाजाला 'हॉट पोटॅटो व्हॉइस' म्हटलंय. आपल्याकडे गरम बटाटेवडा तोंडात धरून बोलणाऱ्याचा आवाज म्हटलं की लगेच कळेल.

हे गळू होतं कसं, यावर दोन मतं आहेत. एक सरळ मत असं की टॉन्सिलची सूज नीट बरी झाली नाही, ती बाहेर पसरली. दुसरं मत टॉन्सिलच्या वरच्या टोकाशी असलेल्या वेबर ग्रंथी नावाच्या बारीक लाळग्रंथींना जबाबदार धरतं. दुसऱ्या मताला आधार असा की टॉन्सिल काढून टाकलेल्या लोकांनाही क्वचित हे गळू होतं. तो वाद इथेच सोडते.

आजार दुर्मीळ नाही. १९९५ साली हर्झन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३० असा आहे, आणि आजही बहुतेक पेपरांच्या पहिल्या परिच्छेदात तोच आकडा असतो. बहुतेक रुग्ण तरुण, धडधाकट. पण दुर्लक्ष केलं तर सूज श्वासमार्ग अडवू शकते, किंवा पू मानेच्या खोल जागेत उतरून छातीपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे "तीन दिवस थांबून बघू" असा प्रयोग घरी करायचा नाही, हे लेखाच्या ओघात सांगून ठेवते.

पू बाहेर काढायचे रस्ते

पहिला रस्ता सुईचा. घसा स्प्रेने बधिर करायचा, जाड सुई आणि सिरिंज घ्यायची, फुगवट्याच्या सर्वांत वरच्या भागात टोचायचं आणि पू ओढून घ्यायचा. इथे एक छोटी युक्ती आहे, ती मला फार आवडली. अंतर्गत कॅरोटिड धमनी टॉन्सिलच्या मागे-बाहेर साधारण अडीच सेंटीमीटरवर असते. सुई खोल जाऊ नये म्हणून सुईचं प्लास्टिकचं टोपण टोकाशी कापून परत चढवतात, म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर सुई उघडी राहते. हात घसरला तरी सुई पुढे जात नाही.

दुसरा रस्ता चिरेचा. धिंग्रांच्या पुस्तकातून परीक्षा दिलेल्यांना जागा पाठ असेल: पडजिभेच्या बुडातून एक आडवी रेघ कल्पायची, ती पुढच्या कमानीला जिथे छेदते त्याच्या किंचित बाहेर. तिथे छोटी चीर द्यायची आणि चिमट्यासारखं हत्यार घालून तोंड रुंद करायचं म्हणजे पू वाहत राहतो.

तिसरा रस्ता म्हणजे गळू असतानाच टॉन्सिल काढून टाकणं, ज्याला हॉट टॉन्सिलेक्टॉमी म्हणतात. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये ही पद्धत बरीच रुळलेली आहे, इतर अनेक ठिकाणी सर्जन तिला बिचकतात. यात पूर्ण भूल लागते. पण भूल द्यावीच लागणार असेल, उदाहरणार्थ तोंड उघडून स्थिर न बसणारं लहान मूल असेल, तर हिशोब बदलतो. आपल्याकडची पाठ्यपुस्तकी पद्धत म्हणजे आधी पू काढायचा आणि टॉन्सिल काढायचाच असेल तर चार ते सहा आठवड्यांनी. या रस्त्यावर मी जास्त थांबत नाही, कारण ज्युनिअरचा प्रश्न पहिल्या दोहोंचा होता.

३.७४ या आकड्याच्या आत

सुई की चीर, यावर कॉक्रेनचा २०१६ सालचा आढावा आहे. त्यात ११ अभ्यास आणि ६७४ रुग्ण. गळू पुन्हा भरण्याचं प्रमाण दहा अभ्यासांतल्या ६१२ रुग्णांवरून काढलंय आणि उत्तर असं: सुईच्या गटात ते चिरेच्या गटाच्या ३.७४ पट, ९५ टक्के विश्वास-अंतराल १.६३ ते ८.५९. अंतराल १ ला ओलांडत नाही. तुमच्यापैकी निम्मे जण इथेच पेपर मिटतील आणि सिनॉप्सिसमध्ये लिहितील, "चीर श्रेष्ठ". मीही पूर्वी हेच केलं असतं.

आता जरा थांबा. आढाव्याने 'पुन्हा होणं' कशाला म्हटलंय? पुन्हा हस्तक्षेप करावा लागलेल्या रुग्णांच्या प्रमाणाला. म्हणजे इथे गळू नाही मोजलेलं, डॉक्टरांचा निर्णय मोजलाय. आणि तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं की या रुग्णाला सुई लावली होती की चीर दिली होती. अशा अभ्यासात ब्लाइंडिंग जवळजवळ अशक्यच असतं. समजा, तुम्ही वॉर्डात आहात. दुसऱ्या दिवशी रुग्ण म्हणतो, "अजून थोडं दुखतंय." काल सुई लावली असेल तर तुमच्या मनात येतं, थोडा पू राहिला असेल, परत एकदा टोचून बघू. टोचायला वेळही लागत नाही. काल चीर दिली असेल तर तुम्ही म्हणता, जखम आहे, दुखणारच, निचरा चालू आहे. तक्रार दोघांचीही तीच असते, पण पहिला रुग्ण 'पुनरावृत्ती' म्हणून मोजला जातो आणि दुसरा जात नाही. सगळा ३.७४ यातून आला असं मी म्हणत नाही. सुईने एकदा रिकामी केलेली पोकळी परत भरू शकते, हे शरीररचनेलाही पटणारं आहे. पण त्यातला किती भाग गळूचा आणि किती डॉक्टरांच्या सवयीचा, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. आढाव्याच्या लेखकांनी स्वतःच पुराव्याचा दर्जा 'अतिशय कमी' असा लावलाय. गंमत म्हणजे लोक ३.७४ उद्धृत करतात आणि हे दोन शब्द गाळतात.

दुसरी गोष्ट गणिताची. ३.७४ पट हे गुणोत्तर आहे. समजा, सुई लावलेल्या १०० जणांपैकी १५ जणांना आणि चीर दिलेल्या १०० जणांपैकी ४ जणांना पुन्हा काही करावं लागलं. (हे आकडे मी फक्त गणितासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) भागाकार ३.७५ येतो. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की सुईच्या ८५ जणांचं काम एका टोचणीत झालं, त्यांना चीर लागलीच नाही. हर्झन यांच्या १९९५ च्या त्याच कामात सुईच्या यशाचं एकत्रित प्रमाण ९४ टक्के आलं होतं, आणि त्यांनी पहिल्या उपचारासाठी सुईच सुचवली होती. एकाच प्रकारच्या पुराव्यातून एक जण म्हणतो सुई पुरते आणि दुसरा म्हणतो सुई जवळपास चौपट वाईट. दोघंही खोटं बोलत नाहीत. एकाने यश मोजलं, दुसऱ्याने अपयशाचा भागाकार केला.

आणि वेदना? रुग्णाला विचाराल तर त्याला हेच आधी महत्त्वाचं वाटेल. पण ती वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेली, त्यामुळे आकडे एकत्र करण्यासारखे नव्हते. म्हणजे अकरा अभ्यास झाले, पण "कशाने कमी दुखतं" याचं एकत्रित उत्तर निघालं नाही. मला तरी हे वाचून चुटपुट लागली.

गळू आहे हे तरी नक्की का?

ज्युनिअरला मी दुसरा प्रश्न विचारला तो हा. पू होण्याआधी तिथे नुसती सूज असते, सेल्युलायटिस. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड उघडत नाही, एक बाजू लाल, पडजीभ सरकलेली. सुई टोचली आणि पू आला तर गळू. नाही आला तर? सूज असेल, किंवा सुई चुकीच्या जागी गेली असेल. १९९९ सालच्या एका अभ्यासात नुसतं बघून केलेल्या निदानाची संवेदनशीलता ७८ टक्के आणि विशिष्टता ५० टक्के आली. ५० टक्के म्हणजे गळू नसलेल्यांच्या बाबतीत नाणं उडवल्यासारखंच. मात्र हा अभ्यास पंधराहून कमी रुग्णांवरचा आहे, हे ते टक्के वापरणारे क्वचितच सांगतात. तोंडातून केलेली सोनोग्राफी यात मदत करते, पण तोंडच न उघडणाऱ्या माणसाच्या तोंडात प्रोब घालायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

याचा संबंध तिसऱ्या पर्यायाशी आहे: काहीही न टोचता नुसत्या औषधांवर बरं करणं. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास आला. त्यात औषधांवरच्या रुग्णांत आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत अपयशाचं प्रमाण जवळपास सारखं आलं, शिवाय औषधवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि कामाचे दिवसही कमी बुडाले. वाचून वाटतं, चला, सुरी म्यानात! पण कोणाला काय द्यायचं हे तिथे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, उपचार ज्याचा त्याचा आधीच झालेला होता. तुम्ही ड्युटीवर असाल तर कोणाला औषधावर ठेवाल? ज्याची सूज लहान, जो पाणी तरी पितोय, ज्याच्या आत पू असल्याची खात्री नाही, त्याला. आणि सुरी कोणासाठी काढाल? ज्याची लाळ गळतेय आणि श्वास घरघरतोय, त्याच्यासाठी. मग दोन्ही गट सारखे बरे झाले याचा अर्थ उपचार सारखे आहेत असा, की हलके रुग्ण हलक्या उपचाराने आणि जड रुग्ण जड उपचाराने बरे झाले असा? साथरोगशास्त्रात याला 'कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन' म्हणतात. संख्याशास्त्राने थोडं सावरता येतं, पण डॉक्टरांच्या डोळ्यांनी जे टिपलं आणि केसपेपरवर लिहिलं नाही, ते कुठल्याच समीकरणात घालता येत नाही.

आणखी एक. अशा अभ्यासातली 'नुसती औषधं' म्हणजे मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या नव्हेत. शिरेतून सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडसुद्धा. स्टेरॉइडने सूज आणि दुखणं लवकर उतरतं. मग बरं वाटलं ते कशामुळे? उपचारांचं पूर्ण गाठोडं एका गटाला दिलं की त्यातल्या कुठल्या पुडीने काम केलं हे कळत नाही.

जंतू दिसला म्हणून औषध?

पू काढला तरी अँटिबायोटिक द्यावंच लागतं, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो कुठलं, यावर. या पुवात साधारणपणे जंतूंचं कडबोळं असतं: स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, इतर स्ट्रेप्टोकोकस आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे ॲनारोब. डेन्मार्कच्या आऱ्हुस इथल्या संशोधकांनी २००९ साली ८४७ रुग्णांची नोंद तपासली तेव्हा सर्वांत जास्त वेळा सापडला तो फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम, २३ टक्के रुग्णांत. ज्याला सगळे मुख्य आरोपी समजत होते तो स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस १७ टक्क्यांत.

आता तर्क लढवा. पुवात ॲनारोब आहेत, मेट्रोनिडाझोल ॲनारोब मारतं, म्हणून पेनिसिलिनसोबत मेट्रोनिडाझोल दिलं तर रुग्ण लवकर बरा होईल. इतका सरळ तर्क की तपासायची गरज काय? हेलसिंकीच्या गटाने तो तपासला. २०० रुग्ण, निम्म्यांना पेनिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल, निम्म्यांना पेनिसिलिन आणि हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. २०१६ साली निकाल छापून आला: ५६ दिवसांत गळू पुन्हा झालं ते दोन्ही गटांत १०-१० जणांना. बरं होण्याचा वेगही तसाच. फरक पडला तो मळमळ आणि जुलाबात. ते मेट्रोनिडाझोलवाल्यांना जास्त.

हा अभ्यास मी ज्युनिअरला दोनदा वाचायला लावला. प्रयोगशाळेत बरोबर असलेला तर्क रुग्णात चालेलच असं नाही. कदाचित पू निघून गेल्यावर ॲनारोबना हवी तशी जागाच उरत नसेल, शिवाय फ्युसोबॅक्टेरियमवर पेनिसिलिन सहसा चालतंच. पण लगेच उलट टोकाला जाऊ नका. प्रत्येकी १०० रुग्णांत १० विरुद्ध १० आले म्हणून 'फरक शून्य' सिद्ध होत नाही. छोटा फरक पकडण्याइतका तो अभ्यास मोठा नव्हता. आणि तो फिनलंडमधल्या रुग्णांवरचा आहे. आपल्या ओपीडीत येणारा रुग्ण अनेकदा आधीच कुठलं ना कुठलं अँटिबायोटिक अर्धवट घेऊन आलेला असतो. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे, पण तो कसा पाळला जातो हे तुम्हाला गल्लीतलं मेडिकल सांगेल. शिवाय आपल्याकडे बहुतेक वेळा पेनिसिलिन नव्हे तर ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेट दिलं जातं, जे स्वतःच बऱ्याच ॲनारोबवर चालतं, आणि वर सवयीने मेट्रोनिडाझोलही जोडलं जातं. ती जोडणी इथे खरंच लागते का? हा मात्र आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात करण्यासारखा प्रश्न आहे.

त्यासाठी पुवाची नीट तपासणी हवी. इथे एक साधी चूक सगळी मेहनत वाया घालवते: पू कापसाच्या काडीवर घेतला आणि काडी टेबलावर तासभर पडून राहिली, तर हवेने ॲनारोब मरतात. रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ' आणि आपण लिहितो की ॲनारोब आढळले नाहीत. सिरिंजमधली हवा काढून, तोंड बंद करून, सिरिंजच ताबडतोब लॅबला पाठवणं जास्त चांगलं. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी हे पहिला रुग्ण घेण्याआधी बोलून ठेवा. ते ॲनारोबिक कल्चर लावतात का, हेसुद्धा विचारा.

मग सिनॉप्सिसचं काय झालं?

ज्युनिअरचा विषय बदलला नाही, प्रश्न बदलला. 'सुई बरी की चीर' याच्या जागी तिने लिहिलं: पू निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडतं आणि रुग्ण किती तासांनी पाणी विनासायास गिळू लागतो. हे सुचायला आम्हाला दोन फोन लागले. अडचण अशी होती की तपासणारा दुसरा डॉक्टर नेमला तरी घशात डोकावलं की चीर दिसतेच, मग ब्लाइंडिंग कसलं? पण पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजायला घशात बघावं लागत नाही. हे माप कॅलिपरने घेता येतं, आणि ते घेणाऱ्या सिस्टरना कुठला उपचार झाला हे सांगायचं नाही. पुनरावृत्तीही ती मोजणारच आहे, पण 'पुन्हा टोचलं' एवढ्यावर नाही. पुन्हा टोचल्यावर पू आला का, आणि किती मिलिलिटर, हा रकाना प्रोफॉर्म्यात आहे. कोरडी निघालेली दुसरी टोचणी पुनरावृत्ती धरली जाणार नाही.

संमतीपत्राचा मुद्दा तिच्या गाईडनी काढला, आम्हाला सुचला नव्हता. ताप, वेदना, लाळ गळतेय, बोलता येत नाही, अशा माणसासमोर चार पानी संमतीपत्र धरायचं आणि सही घ्यायची, ही खरी संमती का? आणि बोलता येत नाही म्हणून सोबतच्या भावाची सही घेऊन भागत नाही. रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला कळतंय, निर्णय त्याचाच. म्हणून तिने पाऊण पानाचं सोप्या मराठीतलं पत्रक केलंय, ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि रुग्णाला शंका लिहून विचारता याव्यात म्हणून कागद-पेन द्यायचं. ज्याचा श्वास अडतोय त्याला अभ्यासात घ्यायचंच नाही, आधी उपचार.

नीतिमत्ता समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. ती मिळाली की सीटीआरआयवर नोंदणी, आणि ती पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद करता येत नाही. रुग्ण किती लागतील हे गणित अजून बाकी आहे. तोंड उघडण्यात किती मिलिमीटरचा फरक पडला तर रुग्णाला तो जाणवेल, हे तिच्या विभागात कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही. सध्या ती ओपीडीत येणाऱ्या रुग्णांना हेच विचारतेय: आज घास घेता येतो का, आणि काल येत नव्हता तेव्हा तोंड किती उघडत होतं.